हागारेचे डोळे उघडले

अभ्यासपाठ : तान्ह्याचे आजारपण आणि ख्रिस्ती घर
शास्त्रभाग : उत्पत्ति २१:८-२१, २ राजे २:१९-२२, मार्क ५:३५-४३



पावसाळा लागला की आमच्या भोपाळात बड्या तलावाला पाणी चढते, आणि त्याच दिवसांत दवाखान्यांच्या बाकांवर तान्ही मुले मांडीवर घेऊन बसलेल्या आयांची गर्दीही वाढते. "काल संध्याकाळपर्यंत खेळत होता हो, रात्रीतून काय झाले कळले नाही," हे वाक्य तेथे सारखे कानी पडते. मागील एका पावसाळ्यात आमच्या घरच्या प्रार्थनासभेत एका तरुण मातेने विचारले, "बाळाला मध्यरात्री उलट्या-जुलाब सुरू झाले, तर विश्वासणाऱ्याने आधी गुडघे टेकावेत की आधी डॉक्टरकडे धावावे?" प्रश्न प्रामाणिक होता. सभेत दोन्ही बाजूंनी बोलणारे निघाले आणि दोन्हीकडच्या लोकांजवळ वचने होती. आम्ही मात्र त्या रात्री तिला नीट उत्तर दिले नाही. हा पाठ म्हणजे ते राहिलेले उत्तर होय.

१. मसक रिकामी झाली (उत्पत्ति २१:१४-१५)

अब्राहामाने पहाटे उठून हागारेला भाकर व पाण्याची मसक दिली आणि मुलासह तिची रवानगी केली. ती बैर-शेब्याच्या रानात भटकू लागली. पुढे शास्त्रलेखक भाकरीविषयी काही सांगत नाही. तो सांगतो ते पाण्याविषयी. पाणी सरले आणि आईने मुलाला झुडपाखाली टाकले. वर्षांचा हिशेब केला (उत्पत्ति १६:१६ व २१:५ पडताळून पाहावे) तर इश्माएल या वेळी चौदा वर्षांच्या पुढचा असावा. परंतु तहानेने गळून गेलेला मोठा मुलगादेखील आईला तान्ह्यासारखाच दिसतो, आणि लेखकाने तो तसाच दाखविला आहे.

एवढा मुलगा जर पाण्यावाचून असा गळतो, तर मांडीवरच्या बाळाचे काय? बाळाच्या देहात वजनाच्या मानाने पाण्याचा वाटा आपल्यापेक्षा अधिक असतो, आणि त्याची मसक लहान असते. दहा जुलाबांनी मोठा माणूस थकतो. तेवढ्यानेच तान्हे मूल मरणाच्या दारी जाऊ शकते. जुलाबात मूल दगावते ते बहुतेक वेळा पोटदुखीने नव्हे, तर अंगातले पाणी व क्षार निघून गेल्याने. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे आजही पाच वर्षांखालील चार लाखांहून अधिक मुले दरवर्षी जगभरात याच आजाराने जातात.

मसक रिकामी होत आहे हे ओळखण्याच्या खुणा आहेत आणि त्या प्रत्येक आईबापाने पाठ कराव्यात. सहा-सात तासांत लघवी होत नाही. तोंड व जीभ कोरडी पडते. रडताना डोळ्यांत पाणी येत नाही. डोळे व टाळू खोल जातात. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश खाली बसते. मूल आधी फार तहानलेले व किरकिरे होते, आणि पुढे मलूल होऊन पडते. हे मलूल होणे पाहून 'आता शांत झोपले' असे म्हणणारे आईबाप आम्ही पाहिले आहेत. ती शांती नव्हे.

२. बाणाच्या टप्प्यावर (उत्पत्ति २१:१६)

मुलाचे मरण पाहावे लागू नये म्हणून हागार बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसली आणि मोठ्याने रडली. या वचनावर आम्ही पूर्वी दोनदा उपदेश केला होता. पण ते वचन आम्हांला कळले ते आमच्याच घरात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही भेलच्या वसाहतीत राहत होतो. आमची धाकटी तेव्हा आठ महिन्यांची होती. श्रावणातल्या एका संध्याकाळी ती दोनदा दूध ओकली. दात येत असतील, असे आम्ही म्हटले. रात्री दहाच्या पुढे पाण्यासारखे जुलाब लागले. गावाहून आलेल्या मावशी म्हणाल्या, "पोटाला विसावा द्या, दूध बंद करा." आम्ही दूध बंद करविले. मग त्यांनी दृष्ट काढण्यासाठी मीठ-मोहऱ्या मागितल्या. ख्रिस्ती घरात हे चालायचे नाही, असे आम्ही त्यांना चांगले दरडावून सांगितले, आणि आपण विश्वासात स्थिर राहिलो असे मनाशी समाधान मानले. नंतर शास्त्र हाती घेऊन बाहेरच्या खोलीत गेलो, दार लोटले आणि मोठ्याने प्रार्थना करू लागलो. आत पत्नी मुलीला मांडीवर घेऊन एकटी बसली होती.

पलीकडच्या क्वार्टरमध्ये एक निवृत्त परिचारिका राहत असत, मूळच्या अमरावतीकडच्या. आमचा आवाज ऐकून त्या आल्या. आमच्याबरोबर प्रार्थनेला बसतील असे आम्हांला वाटले. पण त्या सरळ आत गेल्या. त्यांनी मुलीचे लंगोट चाचपले आणि विचारले, "भाऊ, पोरीला लघवी कधी झाली होती?"

आम्हांला सांगता येईना. पत्नीने सांगितले, दुपारी चारला. तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता.

त्यांनी मुलीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. टाळूवरून हात फिरविला. डोळे खोल गेले होते, टाळू बसली होती. हे सारे आमच्याच घरात, दिव्याखाली, आमच्यापासून दहा पावलांवर होते आणि आम्ही ते पाहिले नव्हते. पाहण्याचे धैर्य नव्हते, म्हणूनच तर आम्ही बाहेरच्या खोलीत गेलो होतो. आमची ती प्रार्थना म्हणजे बाणाचा टप्पा होता.

"वहिनी, आधी अंगावर घ्या तिला," असे म्हणून त्या आपल्या घरी गेल्या, ओआरएसची पुडी घेऊन आल्या आणि उकळून निवविलेल्या पाण्यात त्यांनी ती कालविली. वाटी व चमचा आमच्या हाती देऊन म्हणाल्या, "भाऊ, मिनिटाला एक चमचा. ओकली तर दहा मिनिटे थांबा, मग पुन्हा. हात थांबवू नका. मी रिक्षा बघते." रुग्णालयाच्या दारापर्यंत आम्ही रिक्षात चमच्याने पाणी पाजीत होतो. तेथे सलाईन लागले. पहाटे मुलीला लघवी झाली. एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही देवाचे इतके आभार आयुष्यात कधी मानले नव्हते.

आमची प्रार्थना चुकीची नव्हती. तिची जागा चुकली होती. हागारेला देवदूताने भिऊ नकोस एवढेच सांगितले नाही. ऊठ, मुलाला उचल आणि हाताने धर, असे सांगितले (वचन १८). म्हणजे देवाने तिला आधी त्या बाणाच्या टप्प्यावरून मुलाजवळ परत पाठविले. पाळण्याशी बसून, डोळे उघडे ठेवून, हाती चमचा असताना केलेली प्रार्थना देवाला ऐकू येत नाही काय?

३. विहीर तेथेच होती (उत्पत्ति २१:१७-१९)

येथे तीन गोष्टी नीट पाहाव्यात.

पहिली : देवाने मुलाचा शब्द ऐकला, असे वचन १७ सांगते. मोठ्याने रडत होती आई; ऐकला गेला तो मुलाचा क्षीण आवाज. इश्माएल या नावाचा अर्थच 'देव ऐकतो' असा आहे. बाळाला प्रार्थनेचे शब्द येत नाहीत. त्याचे कण्हणे हीच त्याची प्रार्थना, आणि ती स्वर्गात पोहोचते.

दुसरी : देवाने तिचे डोळे उघडले आणि तिला विहीर दिसली. नवी विहीर निर्माण झाली असे शास्त्र म्हणत नाही. अश्रूंनी भरलेल्या डोळ्यांना जे दिसत नव्हते ते दिसले, एवढेच. आमच्या शहरातील मुसलमान शेजारी हीच माता हाजरा या नावाने ओळखतात, आणि पाण्यासाठी सफा व मरवा या टेकड्यांमध्ये झालेल्या तिच्या धावपळीची आठवण म्हणून हजला गेलेले लोक सात फेऱ्या घालतात. आपल्या शास्त्रातली हागार धावत नाही, ती बसून पडली आहे. तरी देव तिलाही पाण्यापर्यंत आणतो.

तिसरी : मसक भरली आणि मुलाला पाजले ते हागारेने. देवाने पाणी दाखविले, पण वाटी आईच्याच हातात ठेवली.

आपल्या काळातही अशी एक विहीर बराच वेळ दिसत नव्हती. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित बंगालात आले. बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडले आणि माणसे जमिनीवर पडून मरू लागली. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा ठरावीक प्रमाणात पाण्यात मिसळून ते पिंपांत भरले आणि रोग्यांच्या नातलगांच्याच हाती पेले दिले. जेथे शंभरातील तीसच्या आसपास मरत होते, तेथे हे प्रमाण चारच्याही खाली आले. १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने या शोधाची गणना शतकातील सर्वांत मोठ्या वैद्यकीय प्रगतींत होऊ शकेल असे लिहिले. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

यातले मर्म साधे आहे. जुलाबात आतडे नुसते पाणी नीट शोषून घेत नाही. पण साखर आणि मीठ बरोबर आले की त्या दोघांसाठी एक दार आजारातही उघडे राहते, आणि त्यांच्यामागून पाणी आत जाते. ज्या मिठाने आमच्या मावशी दृष्ट काढू पाहत होत्या, तेच मीठ मुलीला हवे होते. विस्तवात नव्हे, वाटीत. आणि मावशींना दरडावणाऱ्या आम्हांलाही ते ठाऊक नव्हते. ओवाळून टाकण्याने मूल बरे होत नाही, हे आम्ही म्हणालो ते खरे. पण जे उपयोगी ते आम्ही केले नाही, हेही तितकेच खरे.

म्हणून घरात ओआरएसची पुडी ठेवावी. पुडीवर जितके पाणी लिहिले असेल तितकेच घ्यावे. मोठी पुडी एक लिटरसाठी असते, लहान पुडी २०० मिलिलिटरसाठीही मिळते. अर्धी पुडी, जास्त पाणी, वरून साखर असे काही करू नये. कालविलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने पाजावे. पुडी मिळेपर्यंत एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून पाणी करता येते. मात्र मीठ अधिक झाल्यास बाळाला अपाय होतो, म्हणून चमचा सपाट हवा. थंड पेये किंवा डबाबंद रस देऊ नयेत. नावात 'ओआरएस' असलेली गोड पेयेही पूर्वी दुकानांत विकली जात. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर हे नाव छापण्यास मनाई केली. तरी घेताना वेष्टन वाचावे.

आणि पुढील वेळी घरी बसू नये : मूल दोन महिन्यांहून लहान असेल, विष्ठेत रक्त असेल, पाजलेले सारे ओकत असेल, पीत नसेल, मलूल झाले असेल, ताप जोराचा असेल किंवा वर सांगितलेल्या खुणा दिसत असतील. तेव्हा रात्र असली तरी रुग्णालय गाठावे, आणि वाटेत चमचा थांबवू नये. जुलाब एकदम बांधणारी मोठ्यांची औषधे बाळाला कधीही देऊ नयेत. पोट फुगलेल्या तान्ह्यांना तापल्या लोखंडाने डागल्याच्या बातम्या मेळघाटाकडून अजून येतात. त्या वाचून कोणा आईला हिणवू नये. तीही बिचारी विहीरच शोधत होती. तिला ती कोणी दाखविली नाही.

४. तिला खायला द्या (मार्क ५:४३)

याईराच्या मुलीला प्रभूने उठविले. घरचे लोक थक्क होऊन उभे राहिले. तेव्हा प्रभूने सांगितले, तिला काही खायला द्या. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतर ज्याला मुलीच्या भुकेची आठवण राहते, तो आपला तारणारा आहे.

'पोटाला विसावा द्या' हा सल्ला प्रेमाने दिलेला असतो, पण तो चुकीचा आहे. अंगावरचे दूध जुलाबात मुळीच बंद करू नये. उलट अधिक वेळा पाजावे. सहा महिन्यांवरील मुलाला मऊ भात, वरण, खिचडी, केळे असे नेहमीचे अन्न थोडेथोडे देत राहावे, आणि बरे झाल्यावर काही दिवस एक वेळ जास्त भरवावे. याबरोबर जस्ताच्या म्हणजे झिंकच्या गोळ्या १४ दिवस देतात : सहा महिन्यांपर्यंत रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २०. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पुरे करावेत. आंगणवाडीत किंवा सरकारी आरोग्य केंद्रात चौकशी करावी.

रोटाव्हायरस नावाच्या विषाणूने होणाऱ्या जोराच्या जुलाबांवर लसही आहे. मध्य प्रदेशात ती २०१७ पासून सरकारी लसीकरणात दिली जाते : दीड, अडीच व साडेतीन महिन्यांना. आमच्या मुलीचा तिसरा डोस प्रवासाच्या गडबडीत राहून गेला होता. दोष आमचाच होता. तो येथे लिहितो, म्हणजे दुसऱ्या कोणी तरी आज आपल्या बाळाचे कार्ड काढून पाहील.

५. झऱ्याशी जाऊन (२ राजे २:१९-२२)

यरीहोचे लोक अलीशाकडे आले आणि म्हणाले, नगर चांगले आहे, पाणी वाईट आहे. अलीशाने नवे पात्र व मीठ मागविले. पण ते मीठ त्याने घरोघरच्या घागरींत टाकले नाही. तो पाण्याच्या उगमापाशी गेला.

आमच्या भोपाळला पाण्याचे दुःख जुने आहे. १९८४ च्या डिसेंबरातील २ व ३ तारखेच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला, हे जगाला माहीत आहे. पण कारखान्याच्या आवारातील रासायनिक कचऱ्याने आजूबाजूच्या वस्त्यांतील जमिनीखालचे पाणी नासले, आणि त्या लोकांना स्वच्छ पाणी द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ साली द्यावा लागला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : उकळल्याने जंतू मरतात, रसायने जात नाहीत. तसे पाणी असेल तर उगमच बदलावा लागतो.

आणि २०२५ च्या डिसेंबरअखेर, स्वच्छतेत वर्षानुवर्षे देशात पहिल्या येणाऱ्या इंदूर शहरात, भागीरथपुरा भागातील नळाच्या पाण्यात मैलापाणी मिसळले. शेकडो लोक उलट्या-जुलाबांनी आजारी पडले, काही मरण पावले, आणि त्यांत अवघ्या काही महिन्यांचे एक तान्हे बाळही होते. नगर चांगले, पाणी वाईट! त्या आईने काय चूक केली? तिने नळावर विश्वास ठेवला.

म्हणून मंडळीने चमच्यापाशी थांबू नये. आपल्या गल्लीतील जलवाहिनी गटारातून गेली आहे काय, मंदिराच्या आवारातील टाकी शेवटची कधी धुतली, नळाला गढूळ पाणी आल्यास नगरपालिकेकडे लेखी तक्रार कोण करील, हे महिला संघाने व तरुण संघाने पाहणे ही अलीशाचीच सेवा होय.

६. ज्यांचे बाळ गेले

हा पाठ वाचणाऱ्यांत असेही आईबाप असतील की ज्यांनी पाणी पाजले, रुग्णालय गाठले, प्रार्थना केली, आणि तरी बाळ गेले. त्यांना आम्ही एकच सांगतो : तुमचा विश्वास उणा पडला म्हणून हे झाले, असे जो कोणी तुम्हांला म्हणेल तो ख्रिस्ताच्या वतीने बोलत नाही. दाविदाने सात दिवस उपास करून जमिनीवर पडून विनविले, तरी बाळ गेले. आणि मग तो उठून देवाच्या घरात गेला (२ शमुवेल १२:१६-२३). त्याची प्रार्थना खोटी नव्हती. मूल आपल्याकडे परत येणार नाही, आपणच त्याच्याकडे जाऊ, एवढे त्याला कळले होते. ज्या देवाने झुडपाखालचा आवाज ऐकला, त्याने तुमच्या बाळाचाही ऐकला.

त्या तरुण मातेला आमचे उत्तर हे : बाई, गुडघे टेका, पण पाळण्याशी. 'प्रभू, माझे डोळे उघड' एवढे म्हणा, आणि मग बाळाकडे बघा. वाटी हाती घ्या, शेजारणीला हाक मारा, रिक्षा बोलवा. यांतले काहीही प्रार्थनेच्या बाहेरचे नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. संकटात आपण कोणकोणत्या प्रकारे 'बाणाच्या टप्प्यावर' जाऊन बसतो?
२. हागारेच्या गोष्टीत देवाने काय केले व हागारेने काय केले? दोन वेगळ्या याद्या करा.
३. आपल्या मंडळीत रात्री हाक मारता येईल अशी परिचारिका किंवा जाणती माता कोण आहे? तिचे नाव सर्व तरुण जोडप्यांना ठाऊक आहे काय?
४. आपल्या वस्तीतील पाण्याच्या 'उगमापाशी' मंडळी म्हणून आपण या महिन्यात काय करू शकतो?

प्रार्थना

हे पाहणाऱ्या देवा, रानात हागारेला तू एकटी सोडले नाहीस. ज्या घरी आज रात्री दिवा जळत आहे आणि आई बाळाला घेऊन बसली आहे, त्या घरी तू जा. आमचे भय दूर कर म्हणजे आम्हांला विहीर दिसेल. आमच्या हातांना धीर दे, शेजाऱ्यांना जाग दे, आणि आमच्या नगराचे पाणी बरे कर. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.